दुपट्यावरचं नाव

टाकेमावशींच्या दुकानाला पाटी नाही. सगळं आयुष्य लोकांची नावं कापडावर घालण्यात गेलं, पण स्वतःच्या दारावर दोन अक्षरं लिहायचं बाईंच्या कधी डोक्यात आलं नाही. नाही आलं तेच बरं झालं, असं त्या हल्ली म्हणतात. पाटी लिहायला घेतली असती तर ती कशी लिहायची हे सांगायला चार शहाणे दारात उभे राहिले असते, आणि शहाण्यांचा त्यांना आता असा काही वीट आलाय की विचारू नका.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चपला शिवणारा, मधे मावशी आणि त्यांचं मशीन. उभं राहिलं की डोकं पायऱ्यांच्या खालच्या अंगाला लागतं. त्यामुळे मावशी दिवसभर बसलेल्या आणि गिऱ्हाईक वाकलेलं, हे तिथलं नेहमीचं चित्र. शाळेच्या स्वेटरवर मुलांची नावं, दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या कोटावर त्यांची नावं, हॉटेलाच्या रुमालांवर हॉटेलाचं नाव, असं काम. मशीनच्या मागच्या खिळ्याला चिंध्यांची एक फुगलेली पिशवी टांगलेली. त्यातल्या चिंध्या सुया खोचायची गादी भरायला आणि मशीनचं तेल पुसायला. एक चिंधी मावशी कधी फेकत नाहीत.

कामाची त्यांची एक पद्धत आहे. आधी निळ्या पेन्सिलीनं कापडावर नाव लिहायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्यानं मान हलवली की सुई खाली सोडायची. निळी खूण टाक्यांखाली झाकून जाते, कापडाला पाणी लावावं लागत नाही. आणि सुई एकदा खाली गेली की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. या नियमापायी त्यांनी एका शाळेच्या मुख्याध्यापकांना दारातून परत पाठवलं होतं. असा नियम मोडला कसा, हीच तर गोष्ट आहे.

आणखी एक सांगायला हवं. मावशींचं खरं नाव रुक्मिणी. त्यांच्या पिढीत हे नाव इतकं होतं की वर्गात बाईंनी हाक मारली की तीन पोरी उभ्या राहायच्या. शाळेच्या दाखल्यावर ते रुक्मिणी आहे, विजेच्या बिलावर रुखमिनी, बँकेत रुक्मीणी, आणि मतदारयादीत कुणी तरी घाईघाईनं रुक्मणी करून ठेवलंय. मावशींनी कधी एक अर्ज केला नाही. वीज येते, पैसे मिळतात, मत पडतं, मग कशाला उगीच रांगेत उभं राहायचं? तसंही त्या नावानं त्यांना कोण बोलावणार होतं? नवरा होता तोवर 'अगं' म्हणायचा, मुलं 'आई' म्हणतात, आणि गल्लीनं टाकेमावशी करून टाकलंय.

तर एके दिवशी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तो किडकिडीत तरुण वाकून आत आला. काखेत जुनी सुती चादर होती.

"मावशी, याचं दुपटं करायचंय. कोपऱ्यात नाव घालायचं."

"बाळ कुठंय?"

"दवाखान्यात. काचेच्या पेटीत. वेळेआधी आली ना." त्यानं चादर मशीनवर ठेवली. "ही चादर बायकोच्या आईची. त्या गेल्या त्यालाही फार दिवस झाले नाहीत. बाळाला घरी आणायचं ते यातच गुंडाळून, असं हिनं ठरवलंय. तिला दुसरं काही नको. नावही आईचंच."

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. रुक्मिणी, आणि खाली जाड रेघ. मावशी आपलं नाव परक्या अक्षरात बघून जरा हसल्या.

"हेच घाला," तो म्हणाला. "घरात जरा मतभेद आहेत. शेवटी असं ठरलंय की दुपट्यावर जे येईल तेच जन्मनोंदणीत द्यायचं. आणि हिनं आणखी काहीतरी सांगितलं होतं बघा, नावाच्या व्यतिरिक्त..." तो डोकं खाजवत होता तेवढ्यात फोन वाजला. फोनवर त्याची आई. विषय अर्थातच नाव. तो बोलत बोलत बाहेर गेला तो गेलाच.

दुपट्यावर येईल तेच नोंदणीत. हे वाक्य मावशींनी तेव्हा नीट ऐकलं असतं तर दुकान बंद करून आठवडाभर बहिणीकडे जाऊन राहिल्या असत्या.

चादर मधे विरली होती, पण एका बाजूचं कापड अजून धड होतं. अंगावर ओढून ओढून लोण्यासारखं मऊ झालेलं. तिला वास होता. डोकेदुखीचं मलम, पावडर, आणि बंद खोलीत फार दिवस पडून असलेल्या माणसाचा असतो तसा काहीसा. मावशींनी चौकोन कापला, कडेच्या पट्ट्या सवयीनं पिशवीत कोंबल्या, आणि संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात नाव उमटलं. काम सुरेख झालं होतं. घडी करून फळीवर ठेवलं आणि विषय संपला, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाळंतिणीच्या सासूबाई आल्या. त्यांनी दुपटं उलगडलं, हातभर लांब धरलं आणि नाक मुरडलं.

"ण कशाला घातलात?"

"चिठ्ठीत होता."

"चिठ्ठी तिची. पोरीला हाका आम्ही मारणार. ण जड पडतो हो तोंडाला. रुक्मिनी करा. कसं मऊ वाटतं."

"मऊ कापड असतं, बाई. नावाला काय मऊ आणि काय खरखरीत?"

"तुमचं काय जातं दोन टाके उसवायला?"

मावशींनी नियम सांगितला. ब्रह्मदेवाचं सांगितलं. मुख्याध्यापकांचंही सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "लेकरू काचेच्या पेटीत आहे, मावशी."

मावशींनी ब्लेड काढलं.

उसवणं हे शिवण्यापेक्षा अवघड काम. मागच्या बाजूनं एकेक टाका कापायचा, चिमट्यानं दोरा ओढायचा, आणि कापडाला कळूही द्यायचं नाही. तरी भोकं राहतातच, आणि खालची निळी खूण उघडी पडते. दोन्हीवर उपाय एकच, पाणी. पाण्यानं खूण जाते आणि सुताची भोकं आवळतात. मावशींनी कोमट पाणी घेतलं. हात घातलाच आहे तर तो मलमाचा उग्र वासही काढून टाकू, इवल्याशा नाकाला कशाला त्रास, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या घरचा चांगला साबण आणला. एकदा धुतलं, तरी वास उरला, म्हणून पुन्हा धुतलं. औषधवाल्याच्या कठड्यावर उन्हात वाळवलं. दुपटं कोऱ्यासारखं झालं. मावशी स्वतःवर खूष झाल्या. याचे वेगळे पैसेही त्या लावणार नव्हत्या.

रुक्मिनी घालून झालं तेव्हा आत्या आली, म्हणजे चष्मेवाल्याची बहीण. बँकेत काउंटरवर बसते. माणसाकडे बघतानाही कागद तपासल्यासारखी बघते.

"हे अशुद्ध आहे," ती म्हणाली.

"तुमच्या आईंनी सांगितलं."

"आईचं राहू द्या. खरं तर सगळं नावच जुनाट. रुक्मी करा. सुटसुटीत."

"रुक्मी तिचा भाऊ होता."

"कुणाचा?"

"रुक्मिणीचा. पुराणातल्या. महाभांडखोर."

आत्यानं फोनमध्ये बघून खात्री केली. तिला ते आवडलं नाही, पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. "मग रुक्मीणी करा. मी दीर्घ. दीर्घ असलं की नावाला वजन येतं."

मावशींना राहवलं नाही. "अहो, माझंही नाव तेच आहे. कसंही लिहा, काही बिघडत नाही. माझं काही अडलं नाही."

"तुम्ही कसं लिहिता?"

"दाखल्यावर रुक्मिणी. तुमच्या बँकेत रुक्मीणी."

"मग बँकेतलं बरोबर," आत्या म्हणाली. "बाकीची तुम्ही दुरुस्त करून घ्या."

माणसाला त्याच्या तोंडावर सांगायचं की तुझं नाव चुकलंय. मावशींनी तोंड उघडायच्या आत आत्यानं दीर्घ सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "बाळ पेटीत आहे हो." हे वाक्य त्या घरात सगळ्यांनी पाठच केलं असावं. ब्लेड पुन्हा निघालं, पाणी पुन्हा तापलं.

मग मामा उगवले. गेलेल्या बाईंचे सख्खे भाऊ. आवाज असा की पलीकडच्या चपलावाल्याचा हातोडा थांबला. "आमच्या घरात रुख्मिणी. ख. बहीण माझी, मला ठाऊक नसणार तर काय या बँकवालीला?" दीर्घ मी बघून त्यांना इतका राग आला की त्यांनी त्या अक्षरावर बोट आपटलं. मावशींनी हात जोडले. "मामासाहेब, कापडात जीव राहिला नाही. आणखी उसवलं तर चाळण होईल." मामा म्हणाले, माझी बहीण गेली आणि तुम्हाला कापडाची पडलीय.

तिसऱ्यांदा उसवून, धुवून मावशींनी दुपटं दिव्यासमोर धरलं. कोपऱ्यातून उजेडाचे ठिपके ठिपके आत आले. सगळी नावं तिथंच होती, एकावर एक, आणि एकही वाचता येत नव्हतं. मावशींचं डोकं असं सणकलं की त्यांनी सरळ चष्मेवाल्याला फोन लावला.

"हे बघा, मी आता सुईला हात लावणार नाही. तुम्ही एकानं काय ते ठरवा."

"मावशी, मी काय करू? एकीकडे आई, एकीकडे ताई, वरून मामा. माझं सँडविच झालंय."

"अहो पण बाळंतिणीला विचारलंत का?"

"तिला कशाला त्रास? ती दवाखान्यात आहे. आधीच दमलीय."

म्हणजे ज्या बाईची आई, ज्या बाईची लेक, तिला सोडून सगळ्या जगाला मत. मावशींनी फोन ठेवला आणि दुपटं घडी करून फळीवर टाकलं.

बाळाला घरी सोडायचा दिवस उजाडला. दवाखाना दोन गल्ल्या सोडून. तिकडे कागदपत्रं होत होती आणि इकडे दुपटं कोऱ्या कोपऱ्यानं फळीवर पडलेलं. ही बातमी कुणी फोडली कोण जाणे, पण सकाळी दुकान उघडताच सासूबाई, आत्या, मामा आणि चष्मेवाला असे चौघेही जिन्याखाली घुसले. चौघे वाकलेले, चौघे एकदम बोलणारे. मामांच्या मागून एक म्हातारे गृहस्थ आले आणि दाराशी स्टुलावर टेकले. ते बाळाचे आजोबा, गेलेल्या बाईंचे यजमान. टपालखात्यात पत्रं लावण्यात जन्म गेलेला.

मावशी वैतागून त्यांच्याकडे वळल्या. "आजोबा, बायको तुमची. तुम्हीच सांगा. तुम्ही कसं लिहायचात?"

"लिहायची वेळच आली नाही," आजोबा म्हणाले. "पत्र लिहायला लांब जावं लागतं. आम्ही दोघं कधी एकमेकांना सोडून गेलोच नाही."

"बरं, हाक कशी मारायचात?"

आजोबा संकोचले. "'ऐकलंस का' म्हणायचो."

आत्याला हसू आलं. "हे काय नाव झालं?"

"ती ओ द्यायची," आजोबा म्हणाले.

भांडण पुन्हा पेटलं. ण, न, दीर्घ, ख. मामांचं डोकं दोनदा पायरीवर आपटलं तरी आवाज उतरला नाही. तेवढ्यात दारातला उजेड अडला आणि सगळे एकदम थांबले. बाळंतीण आली होती. बाळाला नर्सबाईंकडे ठेवून, भिंतीला धरत धरत, दुपटं न्यायला स्वतः.

तिनं कुणाकडे पाहिलं नाही. फळीवरून दुपटं उचललं. कोपरा बघितलाच नाही. दोन्ही हातांनी तोंडाशी नेलं आणि श्वास घेतला. मग पुन्हा घेतला, दुसऱ्या बाजूनं.

"धुतलंत?" तिनं विचारलं.

"दोनदा. नंतर आणखी दोनदा," मावशी म्हणाल्या. "घरचा चांगला साबण घालून."

बाळंतीण नवऱ्याकडे वळली. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

चष्मेवाल्याला आत्ता आठवलं. आठवड्यापूर्वी आठवायला हवं होतं ते.

"धुवू नका म्हणून सांगा, असं मी म्हणाले होते," ती म्हणाली. रडत नव्हती, भांडत नव्हती. दमलेलं माणूस बोलतं तशी बोलली. "आईचा वास होता त्यात. ती गेल्यावर सगळ्यांनी मिळून खोली धुवून काढली, गादी दिली, कपडे वाटले. ही एक चादर मी लपवून ठेवली होती. मला नाव नको होतं, मला ते हवं होतं. पोरीला एकदा माझ्या आईच्या कुशीत ठेवायचं होतं."

मावशींना एकदम सगळं समजलं. चिठ्ठीतलं नाव होतं तसं राहिलं असतं तर ते दुपटं पाण्यात गेलंच नसतं. ण मऊ करायला एक बादली, मी लांब करायला एक बादली, ख घालायला एक बादली. आणि त्या बादल्या भरल्या कुणी? त्यांनीच. वर साबण त्यांचा.

"माझाच नियम," त्या म्हणाल्या. "सुई खाली गेली की बदल नाही. तुमच्या रडगाण्याला भुलून मीच मोडला. कुठं शहाणपण शेण खायला गेलं होतं माझं?" आणि त्या उठल्या. डोकं पायरीला लागलं, त्याची फिकीर न करता त्यांनी खिळ्यावरची चिंध्यांची पिशवी ओढली आणि जमिनीवर उलटी केली.

"शोधा," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "पांढऱ्या सुती पट्ट्या. कापल्या तेव्हा पाणी लागलं नव्हतं."

मग सासूबाई, आत्या, मामा, सगळे गुडघ्यावर. शाळेच्या स्वेटरचे तुकडे, नर्सबाईंच्या कोटांचे तुकडे, हॉटेलाचे रुमाल. एक पट्टी सापडली, पण ती मावशींनी मशीनचं तेल पुसायला वापरलेली, काळीकुट्ट. दुसरीनं सुयांची गादी भरलेली. मावशींनी गादी फाडली, तर आत लाकडाचा भुसा आणि सगळा त्याचाच वास. शेवटी तळातून बोटभर रुंदीची, कडेची शिवण असलेली एक पट्टी निघाली. मावशींनी ती बाळंतिणीच्या हातात दिली.

तिनं नाकाशी धरली. डोळे मिटले. तिची मान हलली, हो म्हणून, आणि मग कुठं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बघू," सासूबाई म्हणाल्या आणि पट्टी घेतली. "मलमाचा आहे."

"पावडरचा जास्त आहे," आत्या म्हणाली.

"छट. आमच्या जुन्या घराचा वास आहे हा," मामा म्हणाले. "मी ओळखणार नाही का?"

"पुरे," मावशी म्हणाल्या आणि पट्टी हिसकावून घेतली. "नावाचं वाटोळं केलंत ते केलंत. आता नाकांनी उरलंसुरलंही संपवाल." त्या खाली बसल्या, दुपट्याची कड उसवली आणि पट्टी आत घालून हातानं टाके घालू लागल्या. मशीन नाही, पेन्सिल नाही, पाणी तर नाहीच. मधेच मान वर न करता त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांना कळावं इतक्या स्पष्टपणे एकटीलाच विचारलं, "बाळंतीणबाई, नाव काय घालू?"

"चिठ्ठीत होतं तेच."

मामांनी तोंड उघडलं. मावशींनी सुई वर धरून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मामांनी तोंड मिटलं.

चाळण झालेला कोपरा सोडून दुसऱ्या कोपऱ्यात, खूण न करता, मावशींनी सरळ नाव घातलं. ते त्यांचंही होतं, हात आपोआप चालला. मग राहिलेली कड शिवायला घेतली. शेवटचे चार टाके राहिले होते तेव्हा स्टुलावरून हात पुढे आला.

"एकदा," आजोबा म्हणाले.

मावशींनी दुपटं त्यांच्यासमोर धरलं. कडेचं टोक अजून उघडं होतं. म्हातारबोवा वाकले, नाक त्या उघड्या टोकाशी नेलं आणि तसेच राहिले. मग अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी असावं तसं, म्हणाले, "ऐकलंस का."

आणि थांबले. सवयच होती ती, हाक मारली की थांबायची.

कुणाचं काही मत पडलं नाही. तिकडे दवाखान्यात बाळ वाट बघत होतं, पण मावशी सुई हातात धरून बसून राहिल्या, आणि आजोबांनी मान वर करेपर्यंत त्यांनी तो टाका घातला नाही.